सामू, पहाटे पावणेपाचला

उम्म अल कुवेनच्या खाडीत
धक्क्याच्या सातव्या खांबाला
आम्ही दोन काड्या बांधल्यात.
एक उष्णतेची, केसाएवढी बारीक.
दुसरी काचेची, टोकाला फुगा,
जरा जड कानाची.

ऑगस्ट. पाणी छत्तीस.
म्हणजे अंगाचंच पाणी झालं;
हात बुडवला तर कळत नाही
हात कुठं संपला.

आठवीच्या पुस्तकात होता: सामू.
मला वाटायचं, हा कुणाचा तरी काका,
सातावर चढला की साबणासारखा बुळबुळीत,
साताखाली उतरला की आंबट.
आता तोच रोज अंधारात भेटतो.

रात्रभर तळाचं गवत नुसता श्वास सोडतं,
खेकडे, शिंपले, तिवरांची मुळंसुद्धा.
ऊन नाही, तर कुणी काही फेडत नाही,
उधारी चढत जाते
आणि अजान संपते तेव्हा
पाणी दिवसातलं सगळ्यात आंबट असतं.
जिभेला नाही हो.
आठ पूर्णांक एकचं सात पूर्णांक नऊ.
एवढे सुट्टे दुकानदार परतही करत नाही.
पण हा हिशेब दहाच्या पटीत चालतो,
शिंपल्याला विचारा
आज चुना काय भावानं पडला.

दुपारी तीनला गवत सगळं चुकतं करतं.
तेव्हा मी झोपलेली असते.

शमाल सुटला की वेगळंच.
उथळावरचं तापलेलं पाणी
आणि मधल्या खोलीतलं निवलेलं
एकमेकांत शिरतात, मिसळत मात्र नाहीत लगेच,
ताकावर ओतलेल्या फोडणीसारखे
तवंग तवंग फिरतात.
बारीक काडी एकेक तवंग टिपते:
पस्तीस आठ, चौतीस दोन, छत्तीस, चौतीस नऊ,
सगळं एका सेकंदात.
काचेची काडी विचार करत बसते.
तिचं उत्तर येईतो
तो तवंग अजमानच्या वाटेला लागलेला.
आलेखावर एक रेघ दातेरी,
दुसरी इस्त्री केलेली.
नवा माणूस म्हणेल, आम्लाचं बरं आहे, शांत आहे.
शांत काही नाही. काच सावकाश आहे.

"मॅडम, समुद्र आहे, हलणारच,"
सैदालवी होडीचा दोर आवळत म्हणतो.
खल्फान विचारतो, मग खरा आकडा कोणता?
त्याचा आजोबा मोत्यांसाठी बुडायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
म्हणायचा, पाण्यात खोल्या असतात,
एका खोलीतून दुसरीत जाताना अंगाला कळतं,
एखाद्या खोलीत कुणीतरी आजारी असतं.
खल्फान हे हसत सांगतो
आणि मग हसत नाही.

अहवालाला सरासरी लागते.
मी सरासरी देते.

मार्चमध्ये भावाचा फोन आला, अण्णा गेले.
मी म्हटलं, बरं.
मग बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या,
एकशे बारा, तारीखवार, एकही तिरकी नाही.
सगळे म्हणाले, बाई धीराची.
जुलैत एका मंगळवारी
काच जुळवायला चार सामूचं गुलाबी द्रावण काढलं,
झाकण फिरवलं,
आणि टेबलाखाली जाऊन बसले.
खल्फाननं दार लोटून घेतलं बाहेरून.
पंख्याचा आवाज तेवढा होता.

आज वारा पडलाय.
तिवरात एक बगळा, पाय न हलवता.
बोय उडते, पडते, आणि त्या जागी
क्षणभर पाणी थंड होतं,
बारीक काडीला ते कळलंही.

नोंदवहीच्या समासात लिहिते:
चार पंचेचाळीस. तापमान चौतीस सहा.
सामू सात आठ आठ... सात आठ सात...
अजून स्थिर नाही.
थांबले आहे.