मुका खांब

माझी बोटं वेणीची.
चामड्याच्या बारीक वाद्या ओल्या करून
सुभाषनगरच्या खोलीत दिवसाला बारा जोडांच्या वेण्या घालते,
चार पदरी, सात पदरी, गिऱ्हाईक मागेल तशी.
त्या बोटांत क्रोशाची सुई धरली
तर सुई हसली असेल मनात.
आरीपुढं ती म्हणजे काडी.

पापाच्या तिकटीवरनं पिवळी लोकर आणली.
धागा बोटांच्या भेगांत अडकायचा,
ओढला की कुसं निघायची.
खोबरेल चोळलं, तर लोकरीला डाग.
कलावती आत्या म्हणाली,
"हातच बदलून आण जा दुकानातनं."

पाच साखळ्या, जोडून गोल.
गोलात सहा मुके खांब.
सातवीला हळदकर बाईंनी रुमालाच्या कडेवर शिकवलेलं.
मी विचारलेलं, बाई, मुका का?
म्हणाल्या, बाकीचे सुईवर वेढा घेऊन उंच होतात,
हा वेढा घेत नाही, बुटका राहतो, गप.
पण वीण घट्ट त्याचीच.

तेजलचं बाळ सातव्यातच आलं.
चौदाशे ग्रॅम.
गुळाचा किलोचा रवा, वर दोन मुठी.
सीपीआरमध्ये काचेच्या पेटीत निजलंय,
पायाला चिकटवलेला लाल दिवा.
मला आत सोडत नाहीत.
दाराच्या काचेतनं तो दिवा तेवढा दिसतो.

चपलेला नंबर असतो,
सगळे नंबर माझ्या बोटांना पाठ.
या डोक्याला नंबर नाही.
अमरला विचारलं, केवढं रे?
त्यानं हात पुढं केला, मूठ मिटली,
जरा सैल केली, पुन्हा आवळली,
आणि तशीच धरून जिन्यात उभा राहिला,
उघडायचं विसरून.

मी माझ्या मुठीवर माप घेतलं.

गुरुवारी टोपडं नेलं.
मुल्लाणी सिस्टरनी उलटंपालटं करून बघितलं.
"लई गोड झालंय. पण लोकर न्हाई चालायची ताई.
सुती करा. धुऊन, इस्त्री फिरवून आणा.
आणि हे गोंडे नकोत."
गोंडे नकोत!
गोंड्याशिवाय माझ्या हातनं
आजवर काही बाहेर गेलेलं नाही.

केएमटीत खिडकीशी बसून उसवलं.
शेवटची गाठ सापडली की
बाकीचं आपोआप पळतं.
माझा थांबा येईस्तोवर
चार रात्री मांडीवर गोळा झाल्या.
शेजारची बाई हळहळली, अगं अगं, चांगलं होतं की.
उसवलेली लोकर सरळ होत नाही,
टाक्या-टाक्याचा वाक धरून बसते.
ती पिशवीत तशीच आहे अजून.

आता पांढरा दोरा.
याला नखरे नाहीत, भेगांतनं निसटतो.
वाद्या भिजत टाकल्या की बसते.
खोलीभर कातड्याचा, बाभळीच्या सालीचा वास,
बाळाला लागू नये म्हणून
दोरा पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, झाकण लावून.
आत्या म्हणते, "लागू दे की. घरचाच वास हाय."

चपलेला कान असतात, टोपड्यालाही.
चपलेचे ऐकत नाहीत, नुसते पायाबरोबर हलतात.
हे दोन मात्र दाट घालते.
पेटीपाशी यंत्र रातंदिस टिंटिं करतं म्हणे.
त्यातला थोडा आवाज अडला तरी पुष्कळ.

आज अमरचा फोन, सोळाशे दहा.
आधी दहा म्हणाला, मग सोळाशे,
मग पुन्हा नीट सगळं.
म्हणजे माझी मूठ आता कमी पडणार.

उसवत नाही.
काठाला आणखी एक फेरा घेते,
मधूनच एका घरात दोन,
मुका खांब, मुका खांब.
आत्या विचारते, "झालं न्हवं? आता आणि काय?"
मी मोजत असते.
बोलले की चुकेल.