तोंड नसलेला बडग्या

यंदा पराते मामानं बडग्याला तोंडच नाही काढलं.

मागच्या साली काढलं, तर लाठ्या आल्या:
कोणाचं आहे हे?
मामा म्हणे, ज्याला आपलं वाटते त्याचं.
अकरा टाके.
पेपरात, ‘इतवारीत दोन गट भिडले’.
एका गटात मामा,
बांबूच्या कामट्या अन् खळीचा डबा.
मेयोत माइकवाली विचारे, भावना का दुखावल्या?
मामानं डोकं दाखवलं. तेवढं कापलं.

पेपरचं ते पान मामानं जपून ठेवलं होतं.
काल खळीत भिजवून
बडग्याच्या पोटाले चिकटवलं,
मजकूर आतल्या अंगानं.

कोतवालीचा साहेब अर्ज पाहते, बडग्या पाहते,
तोंडाच्या कोऱ्या कागदापाशी थांबते.
घाम पुसते.
मामा, म्हणे,
झाकून न्या.