जिवंत देखावा

पडद्याची दोरी माझ्या हातात.
आत प्रमिला तांडेल, वरळी कोळीवाडा,
सकाळभर सुरमई कापलेले हात
तीनदा लिंबानं घासून उभी,
अंगावर शेजारणीची जांभळी साडी.

मूळ चित्र जुन्या कॅलेंडरातलं,
विंगेत टाचणीनं लावलंय:
बाई, दिवा,
ज्योतीआड धरलेली लालसर बोटं.

खऱ्या ज्योतीला अग्निशमनवाल्यांची परवानगी नाही.
म्हणून पणतीत पेन्सिल सेलवरचा बल्ब.

दीड मिनिट. पापणीसुद्धा नाही.
पुढच्या रांगेतलं पोर ओरडलं, "हलली, हलली!"
हलली नव्हती.
डास होता मनगटावर,
पोटभर जेवून उठला.

साठ. सत्तर.
किल्ल्याच्या अंगानं वारा आला,
मांडवाचं कापड फुगलं,
आणि तिचा पंजा
चित्रातल्यापेक्षा बोटभर
बल्बाजवळ सरकला.
कुणाला दिसलं नाही.
मी मोजणं विसरलो,
दोरी उशिराच सोडली.

"अगं, सेलवरचा आहे तो,
वाऱ्यानं काय होतंय?"

"ठावं हाय मना," ती म्हणाली,
अजून तशीच उभी.
"तू पयलं बटन बंद कर.
मंग हात काढतंय."