सतरा नंबर

उद्यमनगरात, मगदूमांच्या शॉपमध्ये
आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन गेले तेव्हा
दस्तगीर मिस्त्रींनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं,
आणि हातात झाडू दिला.

सोळा दिवस झाडू.
लेथखालची बर, निळसर, कुरळी,
हातमोज्यातूनही बोट शोधणारी;
कूलंटचा आंबूस वास;
कोपऱ्यात कुणाकुणाचे चहाचे कप, तुटकी टूलं,
सन दोन हजार अकराचं कॅलेंडर.
"नुसती झाडू नकोस, बघत झाड,"
मिस्त्री पाठमोरेच म्हणायचे.

सतराव्या दिवशी तीन नंबरच्या लेथखाली
पुसलेल्या फरशीवर तेलाचा एक थेंब दिसला.
हरभऱ्याएवढा.
"आजवर हितं तळंच होतं तेलाचं," ते म्हणाले,
"त्यात ह्यो कुणाला दिसला असता?"
सील बदललं.
मग मला लेथला हात लावू दिला.

भिंतीवर त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटनं
प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली:
पाने उतरत्या क्रमानं, कानशी, चक की,
व्हर्नियरला तर मागे मखमलीचा तुकडा.
हत्यार काढलं की त्याची रिकामी जागा
दिवसभर बघत राहायची,
पंगतीतून मध्येच उठलेल्या माणसाच्या ताटासारखी.

"खंडेनवमीला झेंडू घालायचा
आणि दुसऱ्या दिवशी पाना कुठं म्हणून बोंबलायचं,
हे आपल्यात चालायचं न्हाई."

एकदा केएमटीत, राजारामपुरीच्या स्टॉपला,
एप्रनच्या खिशातून मांडीला काहीतरी टोचलं.
सतरा नंबरचा पाना.
उतरले. माघारी चालत आले.
अर्ध्या शटरखालून उजेड येत होता.
मिस्त्री स्टुलावर, समोर भिंत,
डबा बांधून पायाशी ठेवलेला.
मी पाना पुसला, अडकवला.
"सतरा," ते म्हणाले,
आणि बटण बंद केलं.

आता ते रिटायर होऊन कागलला असतात.
सोमवारी, शॉपला सुट्टी म्हणून, फोन करतात.
आधी तीन नंबर कशी आहे विचारतात,
मग मी.

दसऱ्याआधी आकृत्यांवर पुन्हा रंग फिरवते.
खालच्या कोपऱ्यात त्यांच्या चष्म्याची एक आहे,
दोन गोल, मधे वाकडी रेघ,
त्यांनीच कधीतरी गमतीनं काढलेली.
नवीन आलेला प्रज्योत परवा म्हणाला,
"ताई, इथलं काय हरवलंय?"
मला पटकन सांगता आलं नाही.

आज बघते तर त्यानं तिथं इअरफोन अडकवलेत.
आकारात बसत नाहीत. एक वायर लोंबतेय.
काढायला हात नेला,
तसाच खाली आणला,
आणि तीन नंबरखाली वाकून पाहिलं.
फरशी कोरडी होती.