रविवारी, मोएल वेनवर

गाडीला जागा मिळेपर्यंत अकरा वाजतात.
तीन पौंडांची चिठ्ठी मी काचेआड ठेवते.
बाबा म्हणतात, हे सगळं फुकट होतं,
तेव्हा फक्त मेंढ्यांना ठाऊक होतं.

आता सगळ्यांना ठाऊक आहे.
बर्मिंगहॅमहून आलेली कुटुंबं,
बाबागाडी डोक्यावर घेऊन चढणारा एक बाप,
कुत्र्यांची तर जत्राच.
लाकडी फाटकातून एका वेळी एकच माणूस मावतो,
जो तो मागच्यासाठी ते धरून ठेवतो
आणि म्हणतो, काय सुंदर हवा आहे.
हवा सुंदर नाही. वारा कान उपटतोय.

बाबा एक्याऐंशीचे. गुडघा एकच मूळचा.
दर वीस पावलांवर थांबतात
आणि थांबायला कारण शोधतात:
ससाणा. ढग. बुटाची नाडी.
नाडी सुटलेली नसते.
मीही वाकून बघते.
हे आमचं ठरलेलं आहे, कधीच न ठरवता.

माथ्यावर सिमेंटचा बुटका खांब.
लोक फोन पुढे करतात, जरा काढाल का?
बाबा काढतात. सगळ्यांची डोकी छाटली जातात,
मागचं खोरं मात्र लख्ख येतं.
शेजारी पितळेची तबकडी:
समुद्र इतके मैल, अमुक शिखर तितके मैल.
लोक ती वाचतात, मान वर करतात
आणि तेवढंच बघतात.

बाबांना तबकडी लागत नाही.
एकतीस वर्षं याच खोऱ्यात टपाल वाटलं,
आधी लाल सायकलवरून, मग लाल गाडीतून.

ते निळसर छप्पर ना, प्रॉसर बहिणींचं.
दोघींचा अबोला. एकाच घरातून एकमेकींना पत्रं लिहायच्या.
मी ती गावात न्यायचो, शिक्का मारून आणायचो,
पुन्हा त्याच दारात टाकायचो.
तो ओढ्याकाठचा गोठा, तिथला कुत्रा मला दोनदा चावला.
मेला तेव्हा घरच्यांपेक्षा मीच जास्त रडलो.
आणि त्या काळ्या झाडामागे टेगवेनची आई,
दर गुरुवारी दारात उभी. पत्र नसायचंच.
मग बियाणांच्या दुकानाचं माहितीपत्रक द्यायचो,
एक जास्तीचं जवळ ठेवायचो कायम.
उभ्या उभ्या वाचायची बिचारी,
गाजराच्या सगळ्या जातींसकट.

पिवळ्या टोपीतली एक मुलगी ऐकत असते.
आमचं घर सांगा ना. ते, चकाकतात ती.
बाबा डोळ्यांवर हात धरतात. बराच वेळ.
ती घरं माझ्यानंतरची, बाळ.
आम्हाला पत्रं येत नाहीत, खोकी येतात.
कुत्रा आहे?
आहे.
चावतो?
नाही.
मग लक्षात राहणं कठीण आहे, बाबा म्हणतात.

दुरून डोंगर साजरे,
तशी डोंगरावरून गावंही.
इथून एकही दार वाजताना ऐकू येत नाही.

आणि आपलं घर, बाबा?
तेवढं एक दाखवायचं राहून गेलेलं.
आपल्या दारात मी कधी टपाल टाकलंच नाही.
संध्याकाळी खिशातून काढून टेबलावर ठेवायचो.
तुझी आई म्हणायची, इथेल,
एकदा तरी फटीतून टाक रे,
मला आतून आवाज ऐकू दे.

टाकलंत?

ससाणा, बाबा म्हणतात.
आकाशात काहीच नसतं.
मी वर बघते.

उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर,
दर पावलाला थोडा आणखी जड.
फाटकापाशी कुणीतरी म्हणतं, काय सुंदर हवा आहे.
हो ना, बाबा म्हणतात.

चिठ्ठीची वेळ संपून नऊ मिनिटं झालेली.
वायपरखाली पिवळं पाकीट, दंडाचं.
बाबा ते उचलतात, उलटंपालटं करतात,
अंगठ्याने कडा चाचपतात.
पत्ता नाही यावर, म्हणतात,
हे काही टपाल नव्हे,
आणि कोटाच्या आतल्या खिशात
जपून ठेवतात.