शिक्का

आम्पेलिओ स्कियाफिनो,
कामोल्यी बंदरात दोर वळणाऱ्याचा मुलगा,
अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर ड्रम वाजवायला गेला
आणि परतला तेव्हा त्याची सम हललेली होती.

म्हणजे असं, की शब्द जिथे पडायला हवा
तिथे तो पडायचाच नाही.
अर्धी मात्रा दारात घुटमळायचा,
टोपी काढायचा,
मग आत यायचा.

हे माझं नव्हे, म्हणायचा तो.
न्यूयॉर्कच्या एका तळघरात, काळ्या वादकांच्या पाठीमागे
उभ्यानं ऐकून उधारीवर आणलंय.

मी तोरिनोच्या रेडिओ कचेरीत कारकून.
रोज सकाळी तबकड्यांची यादी यायची
आणि मी शिक्का मारायचो : प्रसारणास अयोग्य.
त्याच्या एकट्याच्या नावावर अडतीस.
चौतिसाव्याला ध्यानात आलं,
शिक्का समेवर पडतच नाहीये.
ठक्.
थोडं थांबून, ठक्.
पलीकडच्या मेजावर डेल्फिना टाइप करत होती,
मेजाखाली तिची टाच हलत होती.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

नाचघरात इन्स्पेक्टर येऊन बसला
की बारवाला एक पेला पालथा घालायचा.
आम्पेलिओ लगेच ताठ, इस्त्रीचा,
शाळेच्या प्रार्थनेसारखा गायचा.
पेला सुलटा झाला की
कॉलरचं बटण काढून
उरलेलं कडवं खरं गायचा.

मग युद्ध संपलं. शिक्का माझ्या खणात राहिला.
पहिल्यांदा रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला तेव्हा
त्याला रडू आलं नाही, खोकला आला.
तोवर अर्धी मात्रा उशिरा येणं
न्हाव्याच्या पोरालाही जमू लागलं होतं.
पुढे गिटारवाले आले. त्याचा गळा बसला.
त्यानं तबकड्यांचं दुकान टाकलं,
गिऱ्हाइकाला सुटे पैसेसुद्धा जरा उशिरानंच द्यायचा.
एकदा मी त्याच्याकडून त्याचीच तबकडी घेतली.
मी कोण, ते सांगितलं नाही.

आम्ही दोघं कामोल्यीला गेलो, शेवटचं पोचवायला.
चर्चच्या पायऱ्या उतरताना
पेटी धरलेल्या एकाचं पाऊल चुकलं,
चौघेही क्षणभर अधांतरी थांबले
आणि मग खाली आले, एकदम, बरोबर.
मला हसू फुटलं.
डेल्फिनानं कोपर मारलं मला,
पण तेही जरा उशिरा.