पाठकोरी लेबलं

मिल्टन-फ्रीवॉटरला माती कमी, गोटेच फार.
युसेबियोची कुदळ तिथं टणकन उसळते.
त्या गोट्यांतली सिरा द्राक्षं
दहा मैलांवर वॉला वॉलाला येतात, आमच्या शेडमध्ये.
वाटेत एक राज्य संपतं,
ट्रकला कळत नाही.
कायद्याला कळतं:
रस हद्दीच्या अलीकडे आंबला,
आता गोट्यांचं नाव लावायचं नाही.
दरीचं लावा.
दरी काय, दोन्ही राज्यांत पाय पसरून बसलीय.

शनिवारी युसेबियोनं बाटली फिरवून फिरवून पाहिली.
घोट घेतला.
‘गोटे आहेत,’ म्हणाला, ‘लिहिलेले नाहीत.’

आधीच छापून घेतलेली चौदाशे लेबलं
फेकवत नाहीत.
पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडतो:
बुचं, डिझेल,
युसेबियोची तीन दिवसांची मजुरी.